जावयाचा एच-इंडेक्स ९

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे फोन वाजायला लागतात. यंदा पहिला फोन निपाणीहून आला, थोरल्या दाजींचा. "मास्तर, रविवारी येतायसा न्हवं? पोरीला स्थळ आलंय. पोरगा सायंटिस्ट हाय. बायोडाटात काय लिवलंय ते तुमीच वाचून सांगा, आमच्या डोक्यावरनं चाललंय."

बेळगावात तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, म्हणून घरात मी मास्तर. रविवारी सकाळची बस पकडून निपाणी गाठली. दाजींची तंबाखूची वखार आता नावापुरती उरली आहे, पण सोप्यात बसलं की तो उग्र वास अजून नाकात शिरतो. चहा झाला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बायोडाटा बाहेर आला. देवक, रास, नाडी, उंची, मामाचं कूळ, सगळं जागच्या जागी. नोकरीसमोर 'पोस्ट-डॉक, बेंगळूर', म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची ठरावीक मुदतीची नोकरी. आणि त्याखाली, जिथे एरवी पॅकेज लिहितात तिथे : रिसर्च पेपर १७, साइटेशन्स १,१४०, एच-इंडेक्स ९.

"हे नऊ म्हंजे कितीपैकी नऊ?" दाजींनी विचारलं.

मी हसलो खरा, पण प्रश्न नेमका होता. प्राध्यापक निवडायला बसलेल्या कमिट्या हेच आकडे समोर घेऊन बसतात आणि हा प्रश्न क्वचितच विचारतात. त्या दुपारी दाजींना आणि भाचीला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

मुलगा रेणवीय जीवशास्त्रात काम करतो. पेशीच्या आत डीएनए, आरएनए आणि प्रोटीन यांचा जो कारभार चालतो, त्याचा हा अभ्यास. असा माणूस दोन-तीन वर्षं प्रयोग करतो, काय केलं आणि काय दिसलं ते आठ-दहा पानांत लिहितो, नियतकालिकाकडे पाठवतो. तिथे त्याच क्षेत्रातले दोघं-तिघं तो तपासतात, खोट काढतात, पुन्हा प्रयोग करायला लावतात, आणि मग तो छापला जातो. हा झाला पेपर. पुढे जगात कुणी आपला पेपर लिहिताना 'अमुक गोष्ट आधी यांनी दाखवली आहे' म्हणून त्याचं नाव शेवटच्या यादीत घातलं, की पहिल्याच्या खात्यावर एक साइटेशन जमा. मराठीत सरळ 'संदर्भ' म्हणा.

ही मोजदाद आली कोर्टाच्या वाटेने. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यामुळे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं की वकील उभा राहिला की जुने निकाल काढतो. अमेरिकेत १८७३ पासून वकिलांसाठी अशी पुस्तकं निघत : अमुक निकालाचा आधार पुढे कोणत्या निकालांनी घेतला, कोणी तो फिरवला. युजीन गारफिल्ड या गृहस्थांनी ती पाहिली आणि हेच विज्ञानात का करू नये, असं १९५५ साली 'सायन्स' साप्ताहिकात मांडलं. १९६४ पासून त्यांची संदर्भ-सूची नियमित निघू लागली. त्यांचा मूळ हेतू शोधाशोध सोपी करण्याचा होता. एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली याचा माग लागावा, एवढंच. आपल्या उताऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात ना, तसे. त्या नंबरांवरून जमिनीचा कस ठरवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे मात्र ते आलं.

आता एच-इंडेक्स. हा २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. व्याख्या ऐकली की माणूस गोंधळतो, म्हणून दाजींना गोठ्यात नेलं, म्हणजे बोलण्यात. समजा गोठ्यात ९ म्हशी आहेत. दिवसाचं दूध मोजून जास्तीकडून कमीकडे त्यांना रांगेत बांधलं : १८ लिटर, १२, ९, ८, ६, ५, ३, २, आणि शेवटची आटलेली. आता रांगेतून चालत नंबर आणि दूध ताडून बघायचं. पहिली, १८ लिटर, ठीक. दुसरी, १२, ठीक. तिसरी ९, चौथी ८, पाचवी ६, ठीक. सहावी मात्र ५ लिटरच देते. सहा नंबरला सहा पाहिजेत, थांबा. म्हणजे तुमच्या गोठ्याचा एच-इंडेक्स ५ : पाच म्हशी अशा, की प्रत्येक किमान पाच लिटर देते. म्हशींच्या जागी पेपर ठेवा, लिटरच्या जागी संदर्भ. मुलाचा एच-इंडेक्स ९, म्हणजे त्याचे नऊ पेपर असे आहेत की प्रत्येकाचा किमान नऊ वेळा कुणीतरी उल्लेख केला.

दाजींचा पुढचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता. "पहिली म्हैस अठराच्या जागी चाळीस लिटर द्याय लागली तर?" काही होत नाही. एच-इंडेक्स पाचच. तिच्या मेहनतीचं इथे सोयरसुतक नाही. गोठ्यात आणखी पन्नास भाकड म्हशी आणून बांधल्या तरी पाचच. दुसरी गोष्ट चांगली आहे, नुसते रतीब घालून पेपर छापणाऱ्यांना तिने आळा बसतो. पहिल्या गोष्टीचा मात्र त्रास आहे. आयुष्यात दोनच पेपर लिहिले आणि दोन्हींनी जग हललं, तरी त्या माणसाचा एच-इंडेक्स २. आणि हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस रिटायर झाला, अगदी वारला, तरी जुन्या पेपरांवर संदर्भ चढत राहतात. त्यामुळे तिशीतल्या पोराचे नऊ आणि साठीतल्या प्रोफेसराचे नऊ एका तागडीत टाकता येत नाहीत.

"कितीपैकी नऊ" याचं उत्तर मात्र विषयावर आहे. हिर्श यांनी पहिल्याच लेखात वरच्या माणसांचे आकडे दिले होते. भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटन, ११०. जीवविज्ञानात सॉलोमन स्नायडर, १९१. म्हणजे जीवशास्त्रवाले जवळजवळ दुप्पट हुशार, असा अर्थ काढायचा का? जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, आणि प्रत्येक पेपराखालची यादी लांब. ज्या पंगतीत पानं जास्त वाढली जातात तिथे पत्रावळींचा ढीगही मोठा दिसणार. जीवशास्त्राच्या आतही हेच. कॅन्सरवर जगभर हजारो प्रयोगशाळा आहेत, तिथे बरा पेपर लिहिला तर शंभर संदर्भ सहज पडतात.

आमचा हा मुलगा काम करतो माकडतापाच्या विषाणूवर. खानापूरच्या पलीकडे जंगलपट्ट्यात या तापाची धास्ती आता सगळ्यांना ठाऊक आहे. चोर्ला घाट उतरून दोडामार्गाकडे गेलं, की तिथे २०१६ पासून काजू वेचायला, फाटी आणायला जंगलात जाणारे आजारी पडताहेत. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली तेव्हा हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीतून पसरतो, आणि सह्याद्रीचा हा पट्टा सोडून फारसा कुठे जात नाही. त्याचा जिवंत विषाणू हाताळायला फार कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळा लागतात. म्हणजे जगात यावर काम करणारी टाळकी थोडी. टाळकी थोडी, तर उल्लेख करणारेही थोडे. इथे चौदा संदर्भ मिळणं म्हणजे छोट्या गावच्या जत्रेत अख्खं गाव आल्यासारखं आहे.

पण त्याच्या १,१४० संदर्भांचं काय? हे मलाही खटकलं. मोबाइलवर त्याचं गूगल स्कॉलरचं पान काढलं. हे पान कुणालाही बघता येतं, नाव टाकलं की पेपरांची यादी येते, प्रत्येकासमोर संदर्भांचा आकडा. भाचीने वही घेतली आणि आम्ही उतरवून काढलं : ८१२, ९६, ६१, ४८, ३३, २४, १७, १४, १०, ७, ६, ५, ३, २, १, १, ०. बेरीज बरोबर १,१४०. गोठ्याचा नियम लावला तर नववा पेपर १० वर, दहावा ७ वर. एच-इंडेक्स ९, तोही बरोबर. पोरगा खोटं बोलत नव्हता. पण ८१२ एका पेपराचे, आणि तो उघडला तर वर नावांची रांगच रांग, साठाच्या वर. आमच्या पोराचं नाव तेविसावं.

जीवशास्त्रात नावांचा क्रम म्हणजे लग्नपत्रिकाच. पत्रिकेत वधूवर कोण ते आधी छापतात आणि अगदी खाली निमंत्रक म्हणून घरचा कर्ता. पेपरातही पहिलं नाव त्याचं, ज्याने ओट्याशी उभं राहून प्रयोग केले. शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, ज्याची कल्पना, ज्याचा निधी. मधली नावं म्हणजे 'आणि समस्त मंडळी'. त्यात खरी राबलेली माणसं असतात, आणि एक यंत्र चार दिवस वापरू दिलं म्हणून आलेलीही असतात. (गणितात नावं बहुधा अकारविल्हे लावतात, तिथे हा हिशेब लागू नाही.) संदर्भ मोजणारं यंत्र मात्र पहिल्याला, तेविसाव्याला आणि शेवटच्याला सारखंच माप देतं. ८१२ सगळ्यांच्याच खात्यावर. ८१२ वजा केले तर मुलाच्या नावावर राहिले ३२८. पहिलं नाव त्याचं असलेले पेपर तीन, आणि त्यातलाच एक माकडतापाचा, चौदा संदर्भांचा.

दाजींचा चेहरा पडला. "म्हंजे फुगवून सांगितलंय." तसंही नाही. अर्ज करताना हाच आकडा मागतात, तोच त्याने बायोडाटात टाकला. दुसऱ्या एखाद्या सूचीत बघितलं तर आकडा आणखी कमी दिसेल, कारण गूगल स्कॉलर प्रबंध, न तपासलेले मसुदे असं सगळं गोळा करतं, तर स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स ठरावीक नियतकालिकंच मोजतात. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स असू शकतात. तीन काट्यांवर तीन वजनं, आणि तिन्ही काटे शिक्क्याचे.

आता संदर्भ म्हणजे शाबासकी, हा समज. २०१० साली अमेरिकेतल्या एका गटाने जाहीर केलं की एका खारट तळ्यातला जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगतो. केवढा गाजावाजा झाला. २०१२ पर्यंत इतरांनी प्रयोग करून ते खरं नसल्याचं दाखवलं, आणि २०२५ मध्ये 'सायन्स'ने तो पेपर मागे घेतला. मधल्या काळात त्याला शेकडो संदर्भ मिळाले. 'हे चुकलं' असं सांगायलाही नाव घ्यावंच लागतं, आणि मोजणाऱ्याला शिवी आणि ओवी यातला फरक कळत नाही.

सर्वांत जास्त संदर्भ कुणाला, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. डीएनएच्या दुहेरी गोफाला नाही. वॉटसन आणि क्रिक यांचा तो जेमतेम पानभराचा लेख १९५३ च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याच 'नेचर'ने २०१४ साली सर्वाधिक संदर्भांच्या शंभर पेपरांची यादी केली, तर त्यात तो नव्हता. पहिल्या नंबरावर ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, तीन लाखांवर संदर्भ. त्यात आहे काय? द्रावणात प्रोटीन किती आहे ते निळ्या रंगावरून मोजायची पद्धत. दुसरा लेम्ली यांचा १९७० चा, प्रोटीनं वेगळी करून पाहण्याच्या पद्धतीबद्दल. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, पुन्हा प्रोटीन मोजायचीच, पण झटपट पद्धत. मी दाजींना म्हटलं, वखारीत आलेल्या प्रत्येक बोदाच्या पावतीवर तंबाखू कुठली ते असेल-नसेल, काट्याचं नाव मात्र छापलेलं असायचं की नाही? तसं आहे. जो मापटं देतो त्याचं नाव सगळ्यांना घ्यावं लागतं. लाउरींना स्वतःलाही तो आपला थोर पेपर वाटत नव्हता.

उलट, कल्पना फार मोठी झाली की नाव गळून पडतं. डीएनएचा गोफ आज दहावीच्या पुस्तकात आहे, त्याखाली १९५३ चा संदर्भ कोण देतो? कुंदा खाताना खवा पहिल्यांदा इतका लालसर कुणी परतला त्याची आठवण बेळगावात कुणी काढत नाही. आपल्या जी. एन. रामचंद्रन यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मद्रास विद्यापीठात असताना त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवलं की प्रोटीनची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही. आज जगात कुठेही नवीन प्रोटीनचा आकार काढला की तो 'रामचंद्रन प्लॉट'वर तपासतात. नाव रोज घेतात, पण खाली यादीत मूळ पेपर दरवेळी घालतातच असं नाही. अशा घेतलेल्या नावाची खात्यावर नोंद नाही.

आणि उशीर. मेंडेल यांचा वाटाण्यावरचा लेख १८६६ चा, त्याची खरी दखल १९०० साली घेतली गेली, तेव्हा ते वारून सोळा वर्षं झाली होती. गोकाक-रायबागकडे हल्ली मक्याची रानंच रानं दिसतात. कधी एखाद्या कणसात दाणे ठिपक्याठिपक्यांचे, जांभळट निघतात. अशाच रंगीत दाण्यांकडे बार्बरा मॅकक्लिंटॉक वर्षानुवर्षं बघत बसल्या आणि जनुकं गुणसूत्रावर जागा बदलतात, असं १९५० च्या सुमारास म्हणाल्या. लोकांनी मान डोलावून सोडून दिलं. पुढे जिवाणूंत तेच सापडलं तेव्हा आठवण झाली. १९८३ साली नोबेल मिळालं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. मधल्या काळातल्या आकड्यांवर कुणी त्यांची नेमणूक ठरवली असती तर?

नियतकालिकाचं वजन मोजतात त्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. मागच्या दोन वर्षांत २०० लेख छापले, यंदा त्यांना मिळून ६०० संदर्भ मिळाले, तर ३. ही सरासरी. ६०० पैकी ४०० एकाच लेखाला पडलेले असू शकतात आणि बाकीचे त्याच्या सावलीत बसतात. चांगल्या शाळेत नाव घातलं म्हणून पोरगा हुशार ठरत नाही, पण आपली निवड पद्धत बराच काळ तशीच वागली. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत पेशीशास्त्रज्ञांच्या परिषदेत काही संपादक आणि शास्त्रज्ञ बसले आणि सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा काढला : माणसाचं काम जोखताना इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, पेपर वाचा. हिर्श यांनीही पुढे आपल्याच निर्देशांकाचे दुष्परिणाम झाल्याचं लिहून कबूल केलं.

आमच्या कॉलेजांत हा आजार वेगळ्या वाटेने शिरला. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीला गुण आले आणि गुणांसाठी पेपर. मग पैसे भरले की चार दिवसांत छापून देणारी नियतकालिकं उगवली. मीही एकदा तीन हजार रुपये भरले आहेत, लपवत नाही. तपासणीचा शेरा आला तो एका ओळीचा : 'उत्तम, छापावा.' त्या लेखाला आजवर दोन संदर्भ आहेत आणि दोन्ही माझ्याच पुढच्या लेखातले. अलीकडे दरवर्षी 'जगातल्या पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आपले अमुक सर' म्हणून फ्लेक्स लागतात. ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस यांच्या गटाची आहे आणि बरीच विचारपूर्वक केलेली आहे. पहिलं, एकटं किंवा शेवटचं नाव वेगळं मोजतात, स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ काढूनही आकडा देतात. फ्लेक्सवर यातलं काहीच येत नाही, फक्त फोटो आणि गुच्छ.

तर परत निपाणीत. चहाची दुसरी फेरी झाली होती. भाची एमएस्सी झालेली आहे, तिने फोन माझ्या हातातून घेतला. "मामा, ते चौदा कोण कोण, ते दिसतं की इथे." दिसतं. आकड्यावर बोट ठेवलं की उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादी उघडते. तिने एकेक उघडून बघायला सुरुवात केली. जे पूर्ण वाचायला मिळत होते ते वाचले, बाकीच्यांचा गोषवारा. तास-दीड तास गेला असेल. तीन त्याचे स्वतःचेच पुढचे पेपर. चार त्याच्याच प्रयोगशाळेतल्या जुन्या मंडळींचे. पाच ठिकाणी सुरुवातीच्या परिच्छेदात आठ-दहा नावांच्या घोळक्यात त्याचं एक, 'यावर बरंच काम झालं आहे' एवढ्यापुरतं. राहिले दोन. हे दोन दूरच्या गटांचे, गोचिडीतून पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूवर काम करणाऱ्यांचे. मुलाने विषाणूचं एक प्रोटीन साध्या जिवाणूत तयार करून शुद्ध करायची रीत लिहिली होती, म्हणजे जिवंत विषाणूला हात लावायची गरज नाही. एकाने ती रीत वापरली. दुसऱ्याने वापरली आणि वर लिहिलं की मूळ पेपरात सांगितलं तसंच प्रोटीन आम्हालाही मिळालं.

भाचीने ते वाक्य दाजींना मराठीत करून सांगितलं.

दाजींनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "म्हंजे ह्याचं बी दुसऱ्याच्या रानात लावलं, आणि उगवलं."

"होय."

"मग बायोडाटात तेवढंच लिवायचं न्हवतं व्हय," म्हणाले, आणि मुलाच्या वडिलांना फोन लावायला बाहेर गेले.